दारावरचं तोरण: भरत चक्रवर्तीच्या घंटांपासून मक्याच्या सालीपर्यंत



दसरा-दिवाळी जवळ आली की आमच्या महिला मंडळात एक वाद हमखास निघतो. आंब्याची पानं तोडून तोरण करायचं की नाही? चातुर्मासात पालेभाजी सोडलेल्या बायकांना दाराला बांधण्यासाठी पानं ओरबाडणं जिवावर येतं. दुसऱ्या म्हणतात, मग बाजारातलं प्लास्टिकचं लावा, त्यात जीव नाही. आणि एखादीनं वाळक्या शेंगा-पानांचं तोरण केलंच, तर या दोन्ही बाजू एक होऊन म्हणतात, "अगं, वाळकं दाराला? अपशकुन!"

हा शेवटचा शब्द मला खटकतो. आपल्या धर्मात शकुन-अपशकुन कधी शिरले, हा वेगळाच विषय. पण मी म्हटलं, वाद घालण्याआधी आपल्या लोकांनी दाराला काय बांधलं आणि कशासाठी, ते तरी बघू. दुपारच्या स्वाध्यायाच्या वेळात थोडं आदिपुराण चाळलं, थोडी मथुरेच्या शिलालेखांवरची पुस्तकं वाचली. जे हाती लागलं ते तुम्हाला सांगते.

आधी शब्दाचा घोटाळा सोडवू या. आपण मराठीत ज्याला तोरण म्हणतो, म्हणजे पानाफुलांची माळ, ते मुळात तोरण नव्हेच. जुन्या काळी तोरण म्हणजे कमान, दोन खांबांवर आडव्या तुळया टाकून उभं केलेलं प्रवेशद्वार. सांचीच्या स्तूपाभोवती चार दिशांना उभी आहेत ती तोरणं. ती दगडाची आहेत, पण घडण लाकडी कामाची आहे. सुतारानं जसे सांधे केले असते तसे पाथरवटानं केलेत. अभ्यासक म्हणतात, त्याआधी अशी दारं लाकडाची आणि बांबूची होती, ती काळाच्या ओघात गेली आणि दगडाची राहिली. सांचीच्या दक्षिण तोरणावर दोन लेख आहेत. एकात सातकर्णी राजाच्या कारागिरांच्या प्रमुखाचं नाव आहे, आनंद. म्हणजे आपल्या पैठणच्या सातवाहनांचा संबंध आला. दुसऱ्यात लिहिलंय की हे कोरीव काम विदिशेच्या हस्तिदंत कोरणाऱ्यांनी केलं. लाकडाचा घाट, हस्तिदंताचे कारागीर आणि वस्तू दगडाची. तेव्हाही एका जिनसाचं काम दुसऱ्या जिनसात सर्रास करत होते, हे ध्यानात ठेवा; पुढे लागेल.

त्या कमानीला जी माळ लटकवायची तिचं नाव वंदनमाला. हिंदीत त्याचंच बंदनवार झालं. आपण मराठी माणसांनी कमानीचं नाव माळेला देऊन टाकलं आणि माळेचं खरं नाव विसरलो. पुढे तोरण बांधणं म्हणजे शुभारंभ करणं असा अर्थ रुळला, इतका की महाराजांनी तोरणा घेतला तेव्हा स्वराज्याचं तोरण बांधलं असं आपण शाळेत शिकलो. (त्या किल्ल्याचं नाव तिथल्या तोरणाच्या झुडपांवरून पडलं असंही सांगतात. उन्हाळ्यात पांढरी आंबटगोड फळं येतात ना, ती तोरणं. घाटाकडच्या बायकांना ठाऊक असतील.)

आता मथुरेला चला, कारण तिथं आपल्या बायका भेटतात.

मथुरेजवळ कंकाली टीला नावाचं एक टेकाड आहे. १८८८ ते १८९१ या काळात तिथं मोठं खोदकाम झालं आणि जमिनीखालून जैन स्तूप, मूर्ती, आयागपट, खांब, कठडे असा ढीग निघाला. त्यातलं बरंच आज लखनौच्या संग्रहालयात आहे. दोन हजार वर्षांपूर्वीची ही वस्ती. तिथले लेख वाचताना मला सगळ्यात काय भावलं असेल तर दान देणाऱ्या बायकांची संख्या. कुणाची सून, कुणाची लेक, कुणाची पत्नी अशी ओळख देतात आणि मग स्वतःचं नाव घालतात. शिवयशा नावाची एक आहे, फल्गुयश नावाच्या नटाची बायको. तिनं करवून घेतलेल्या आयागपटावर स्तूपाकडे जाणाऱ्या पायऱ्या आणि वर सुरेख तोरण कोरलंय. वसू नावाची दुसरी, लवणशोभिका या गणिकेची मुलगी. तिच्या आयागपटावरही स्तूप, कठडा आणि तोरण. नटाची बायको, गणिकेची लेक. समाजानं त्यांना काय जागा दिली होती ते आपण ओळखू शकतो, पण अर्हंतांच्या पूजेसाठी दगड कोरून घ्यायला त्यांना कुणी अडवलेलं दिसत नाही.

आणि तिसरी बलहस्तिनी. ही श्रमणांची श्राविका. हिनं अख्खं तोरणच उभं केलं. लेखात ती म्हणते की हे तोरण आईवडिलांसह आणि सासूसासऱ्यांसह स्थापिलं. मैत्रिणींनो, मी हे वाचून थांबलेच. दोन हजार वर्षांपूर्वीची बाई, दोन्ही घरांची नावं पुण्याच्या वहीत एकत्र लिहिते! माहेर-सासर असा भेद न करता. मी बी.कॉम. केलंय, जमाखर्चाची वही मला कळते. इतकी चोख संयुक्त नोंद मी आमच्या घराण्याच्या कुठल्या देणगी पाटीवर अजून बघितली नाही. तिथं सासऱ्यांचं नाव ठळक अक्षरात असतं आणि आमचं "व परिवार" मध्ये.

ही झाली कमान. माळेचं काय? त्यासाठी जिनसेनाचार्यांकडे यावं लागतं.

जिनसेनाचार्य नवव्या शतकातले. राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष त्यांचा शिष्य. मान्यखेट, म्हणजे आजचं मळखेड, ही त्यांची राजधानी कलबुर्गीकडे, आपल्या सोलापूरपासून फार दूर नाही. (हरिवंशपुराण लिहिणारे जिनसेन वेगळे, ते पुन्नाट संघाचे. दोन जिनसेनांत गल्लत होते म्हणून सांगितलं.) आदिपुराण त्यांच्या हातून पुरं झालं नाही, पुढे गुणभद्राचार्यांनी तडीस नेलं. पण मी सांगते तो भाग ४१व्या पर्वातला, म्हणजे जिनसेनाचार्यांच्याच हातचा.

कथा अशी. भरत चक्रवर्ती. सहा खंडांचं राज्य, कामाचा पसारा केवढा! पण मन धर्मात. येता-जाता भगवंतांचं स्मरण व्हावं म्हणून त्यानं जिनबिंबांनी सजवलेल्या चोवीस घंटा करवून घेतल्या आणि वाड्याच्या दारांवर टांगल्या. तो दारातून आत-बाहेर करी तेव्हा त्याच्या मुकुटाचा त्यांना स्पर्श होई. तो झाला की त्याला चोवीस तीर्थंकर आठवत आणि तो मनात वंदन करी. राजाचं बघून नगरातल्या लोकांनीही आपापल्या दारी तशा माळा बांधल्या. वंदनासाठी केलेली माळ, म्हणून ती वंदनमाला.

पुराणातली कथा इतिहास म्हणून घ्यावी की श्रद्धा म्हणून, हे ज्याचं त्यानं ठरवावं. पण एक गोष्ट पक्की. नवव्या शतकातल्या आचार्यांना घरोघरी वंदनमाला का बांधतात याचं कारण सांगावंसं वाटलं, म्हणजे त्यांच्या काळात घरोघरी वंदनमाला होत्या. जी चाल दिसतच नाही तिचं कारण कुणी सांगत बसत नाही.

आता या कथेतलं मला काय दिसलं ते सांगते. आपल्या पुराणातल्या पहिल्या वंदनमालेत पान नाही. फूल नाही. घंटा आहेत. दृष्ट लागू नये म्हणून नाही, लक्ष्मी आत यावी म्हणून नाही, पाहुण्यांनी वाहवा करावी म्हणूनही नाही. उंबरा ओलांडताना आठवण व्हावी एवढंच तिचं काम. ते काम जी वस्तू करेल ती वंदनमाला. हे एकदा डोक्यात बसलं की वाळकं की ताजं, हा प्रश्न निम्मा सुटतो.

मी आंब्याच्या पानांना नावं ठेवत नाही हं. लग्नमुंजीत, पंचकल्याणकात हिरवं तोरण बघून माझंही मन प्रसन्न होतं. आपल्या दक्षिण महाराष्ट्रात, बस्तीत पूजेला ताजी फुलं चालतात, पंचामृत अभिषेक होतो, ती आपली परंपरा आहे. पण आपल्याच धर्मात दुसरी परंपराही आहे. सतराव्या शतकात आग्रा-सांगानेरच्या बाजूला दिगंबर तेरापंथाचा जोर झाला. त्यांनी पूजेतली सचित्त द्रव्यं सोडली. फुलाच्या जागी केशरात रंगवलेले तांदूळ, दीपाच्या जागी रंगवलेला खोबऱ्याचा तुकडा. उत्तरेकडे यात्रेला गेलेल्या प्रत्येकीनं हे ताट बघितलं असेल. दोन पंथांच्या वादात मला पडायचं नाही, घरातच दोन्ही मतांची माणसं आहेत. मला एवढंच म्हणायचंय की फुलाऐवजी तांदूळ ठेवून भाव जसाच्या तसा राखता येतो, हे तीन-साडेतीनशे वर्षं आपल्याच माणसांनी करून दाखवलंय. पूजेत जे चाललं ते दाराच्या तोरणात का चालू नये?

आणि जी बाई झेंडूशिवाय तोरण हे आपल्या पूर्वजांचं तोरण नव्हे म्हणते, तिला प्रेमानं सांगा की झेंडू मूळचा अमेरिकेतला, मेक्सिकोकडचा. पोर्तुगीज आल्यानंतर, सोळाव्या शतकापासून तो आपल्याकडे आला. जिनसेनाचार्यांनी झेंडू बघितलेला नाही. भरत चक्रवर्तीचं तर सोडाच. दसऱ्याला दारोदार दिसणारं केशरी-हिरवं तोरण, ज्याला आपण सनातन समजतो, ते निम्मं परदेशी आहे. मिरचीसारखंच. आलं, आवडलं, आपलं झालं. मग आज आपण एखादी नवी वस्तू घातली तर कुणाचं काय बिघडतं?

माळेचा जिन्नस तर सारखा बदलतच आला. सौराष्ट्र-कच्छच्या भरतकामाच्या तोरणांत खाली जी टोकदार पाकळ्यांची रांग लोंबते, ती आंब्याच्या पानांचीच नक्कल, फक्त कापडाची. नंतर व्हेनिसहून काचेचे मणी यायला लागले तसं तेच तोरण मण्यांचं झालं. आमच्या पेठेतल्या गुजराती शेजारणीच्या दारावर तसं एक होतं, तिच्या आजेसासूच्या हातचं. ती ते वर्षभर ठेवायची आणि धूळ झटकताना एकेक मणी मोजायची, जपाच्या माळेसारखा. आमच्या सासूबाईंच्या पिढीत लोकरीची आली, क्रोशाची आली. मग आलं प्लास्टिक, आणि तिथं हाताचं काम संपलं. प्लास्टिकमध्ये जीव नाही हे खरं, पण ते रस्त्यावर गेल्यावर कोणाच्या पोटात जातं ते आपल्या गोशाळेच्या कार्यकर्त्यांना विचारा. सजावटीच्या थर्मोकोलवर तर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदीच आहे.

हिरव्या पानांचा हिशेबही एकदा मांडू या, सवयीनं मांडते. आमच्या सोसायटीत ४८ घरं. एका तोरणाला २१ पानं धरा. ४८ गुणिले २१ म्हणजे १,००८ पानं, एका सकाळी, आणि फाटकाजवळचं आंब्याचं झाड एकच. पान एकेक कोण तोडतं? डहाळ्याच मोडतात. आंब्याचा मोहोर डहाळीच्या टोकाला येतो. दसऱ्याला टोकं मोडली की तेवढ्या टोकांना त्या वर्षी मोहोराची आशा कमी. तिसऱ्या दिवशी सगळी पानं कचऱ्याच्या गाडीत. एकेंद्रिय जीव आहे, बोलत नाही, म्हणून हिशेबात धरायचा नाही असं तर आपण शिकलो नाही ना?

माझी भाची अमेरिकेत असते. तिकडे डिसेंबरात शेजाऱ्यांच्या दारांवर पाइनच्या फांद्यांची गोल चक्रं लागतात. तिनं फोनवर विचारलं, "मावशी, सगळ्यांच्या दारावर काहीतरी आहे, आपल्यात काय लावतात?" मी तिला भरताची गोष्ट सांगितली. तिनं मुलांना घेऊन बागेत पडलेली पाइनची बोंडं गोळा केली, चोवीस मोजून, आणि मध्ये एक घुंगरू बांधून गोल वंदनमाला केली. फोटो पाठवला. गोल असली म्हणून काय झालं, आठवण तर तीच. ते बघून मीही माझ्या तोरणात चोवीसचा आकडा धरला. कसं करते ते आता सविस्तर सांगते, कारण मागच्या वेळी तिघीचौघींनी विचारलं होतं.

आपलं नेहमीचं दार तीन फुटी, म्हणजे ३६ इंच. चोवीस पानं लावायची तर एका पानाला दीड इंच. बरोब्बर बसतात! दोरी मात्र साडेचार फूट घ्या, दोन्हीकडे बांधायला हवी. दोरी सुती. जुन्या नऊवारीचा फाटका काठ असेल तर त्याची वेणी घाला, दोरीपेक्षा देखणी दिसते.

पानांसाठी जुन्या लग्नपत्रिका. जाड, गुळगुळीत, टाकवत नाहीत आणि ठेवून उपयोग नाही. चार इंच लांब आंब्याच्या पानाचा आकार एकदा कापून घ्या आणि तो ठेवून बाकीची कापा. पत्रिकेवर तीर्थंकरांचं चित्र किंवा णमोकार मंत्र छापलेला असेल तर तो भाग आधी काढून घ्या, आशातना नको. पानांवर जुन्या सुती साडीचं कापड खळीनं चिकटवा. खळ गव्हाच्या पिठाची, घट्टसर, चिमूटभर हळद घातलेली. सुतारकामाचा जुन्या पद्धतीचा सरस वापरू नका, तो जनावरांच्या कातड्या-हाडांपासून होतो. रेशमी काठाबद्दल दोन मतं आहेत. कोशातला किडा उकळून रेशीम काढतात हे ठाऊक असल्यावर मी नवं रेशीम आणत नाही. घरात पूर्वीचं पडून असलेलं वापरावं का, यावर माझ्या जाऊबाई "नाही" म्हणतात आणि मला त्यांचं पटतं. अशी रेशमी कापडं मी बाजूला ठेवली आहेत. कवड्याही तशाच. जुन्या तोरणांत कवड्या, मोती, मोरपिसं सगळं असायचं. जुनं आहे म्हणून ते अहिंसक असतंच असं नाही, हेही इतिहासच सांगतो.

दोन पानांच्या मध्ये फुलं हवीत. त्यासाठी मक्याच्या कणसाची साल. भाजीबाजारात मक्याच्या ढिगाशेजारी ही साल पोतंभर पडलेली असते. आतली मऊ, फिकट साल निवडायची. उन्हात वाळवली की ती कागदासारखी होते आणि महिनोन्महिने टिकते. काम करताना गाळलेल्या कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवा, मऊ होते. दोन बोटं रुंद पट्ट्या काढा, दुमडून पाकळी करा, सहा-सात पाकळ्या एकत्र धरून देठाशी सुती दोऱ्यानं आवळा. वाळली की फूल स्वतःच उमलतं, आपल्याला काही करावं लागत नाही. पिवळं हवं असेल तर भिजवायच्या पाण्यात हळद घाला. उन्हानं हळदीचा रंग उतरतो, दोन महिन्यांत फूल पुन्हा पांढुरकं होतं. मला ते तसंही आवडतं. लालसाठी कुणीतरी बीट सुचवलं होतं. आपल्या घरी कंद आणायचा तो खायला नाही, तोरणाला! नकोच ते. कुंकू चालेल.

शेंगा-बोंडं घ्यायची तर पडलेलीच. शिरीषाच्या शेंगा फेब्रुवारी-मार्चात रस्ताभर असतात, वाऱ्यानं खुळखुळतात. कापसाची वेचणी झाल्यावर शेतात उभी राहिलेली रिकामी बोंडं तर लाकडी फुलंच दिसतात. पण इथं आपण बाकीच्यांपेक्षा वेगळ्या वागतो. हस्तकलेच्या चित्रफितींमध्ये सांगतात, शेंगा ओव्हनमध्ये भाजा म्हणजे आतले किडे मरतात. आपल्याला ते कसं चालेल? मी उलटं करते. आणलेल्या शेंगा ताटात पसरून झाडाखाली सावलीत तीन-चार दिवस ठेवते. ज्याला जायचं तो आपणहून जातो. मग एकेक शेंग उजेडात बघायची, मऊ कुंचल्यानं पुंजून घ्यायची. भोक पडलेली, पोखरलेली शेंग दिसली की ती घरात आणायची नाही, ते कुणाचं तरी घर आहे. डांबरगोळ्या कधीच नाहीत.

ओवताना एक पान, एक फूल असं जायचं. पहिलं पान धरलं की ऋषभनाथ, दुसरं अजितनाथ, असं नाव घेत घेत चोविसाव्याला महावीर. मधोमध नातीच्या जुन्या पैंजणाचं घुंगरू टांगते. भरताच्या घंटेची तेवढीच खूण. माझ्या नातवंडांना चोवीस नावं पाठ झाली ती पाठशाळेत कमी आणि या ओवण्यात जास्त, हे मी पाठशाळेच्या ताईंसमोर म्हणणार नाही, पण खरं आहे.

धान्याच्या तोरणाबद्दलही लिहायला हवं. कोकणात आश्विन पौर्णिमेला, नव्याच्या पुनवेला, भाताच्या, नाचणीच्या, वरीच्या लोंब्या, कुरडूची फुलं आणि झेंडू आंब्याच्या पानात गुंडाळून "नवं" बांधतात. दाराला, गोठ्याला, विहिरीला सुद्धा. नवं पीक घरात आलं, त्याचा मान. माझ्या माहेरी कृष्णाकाठी शाळूची कणसं काढली की चांगली भरलेली दहा-बारा आजोबा पडवीच्या आढ्याला टांगायचे. ती शोभेची नव्हती, चिमण्यांची होती. महिन्याभरात दाणे संपायचे आणि रिकाम्या कणसांचा झुपका राहायचा. तो कुणी काढत नसे, त्याला कुणी वाळकं म्हणत नसे, की अपशकुनी म्हणत नसे. आज आपल्या सदनिकांत पडवी नाही, पण गॅलरीच्या बाहेरच्या बाजूला कणसांचा एक झुपका टांगता येतो. मांजर चढणार नाही, पंख्याजवळ नसेल अशी जागा बघा. आणि दाराच्या आत धान्य नको, किडे होतात आणि मग झाडताना मारले जातात.

आता सर्वात महत्त्वाचं, कधी लावायचं आणि कधी काढायचं. हे वाळक्या वस्तूंचं तोरण पावसाळ्याचं नव्हे. दमट हवेत साल आणि खळ बुरशी धरते, आणि बुरशी म्हणजे अनंतकाय. एकदा धरली की पुसताही येत नाही आणि ठेवताही येत नाही. म्हणून मी ते दिवाळीला, निर्वाण लाडू चढवायला बस्तीत जाण्याच्या आदल्या संध्याकाळी बांधते. तोवर परतीचा पाऊस गेलेला असतो, हवा कोरडी झालेली असते. आणि पुढे महावीर जयंती, अक्षय तृतीया करून मृग लागायच्या आत उतरवते. एका कोरड्या दिवशी उन्हात ठेवून, झटकून, सुती पिशवीत घालून कपाटाच्या वरच्या कप्प्यात. फुलं दरवर्षी नवी करते, पानं चार वर्षं झाली तीच आहेत. पर्युषणात आणि दसऱ्याला दार मोकळं दिसतं म्हणून कुणी विचारलंच, तर त्या दिवसांत नुसतं सासूबाईंचं क्रोशाचं तोरण असतं. धुता येतं, बुरशी धरत नाही.

गेल्या वर्षी एक वयानं मोठ्या बाई आमच्या दारात थांबल्या. मला वाटलं, वाळकं तोरण बघून आता काहीतरी ऐकावं लागणार. त्यांनी मान वर करून पानं मोजली, "चोवीस का गं?" म्हणाल्या. मी सांगितलं. त्यांनी घुंगराला बोट लावून वाजवलं, हात जोडले आणि मग आत आल्या. नंतर चहा घेताना त्यांनीच विचारलं की मक्याची साल किती वेळ भिजवायची.

यंदा आमच्या मंडळात दिवाळीच्या पंधरा दिवस आधी सगळ्याजणी मिळून ही वंदनमाला करायचं ठरतंय. येणाऱ्या प्रत्येकीनं सुती साडीचा तुकडा, कात्री आणि पाच-सहा लग्नपत्रिका आणायच्या. साल मी आणते, आमचा भाजीवाला फुकट देतो. फक्त आदल्या दिवशी सांगून ठेवावं लागतं, नाहीतर तो ती शेजारच्या गोठ्यात पाठवून देतो, आणि म्हशींचा हक्क आपल्याआधी आहे.